मधोमध

जिनिंगमागचं मैदान. कुंपणाच्या तारेला
कापसाचे पुंजके अडकलेले, आणि मी
होमप्लेटमागं उकिडवी,
तोंडावर दुसऱ्या शाळेकडून मागून आणलेला मास्क,
त्याला कुणाच्यातरी खोबरेल तेलाचा वास.

सेमीफायनल. सातवी इनिंग. दोन रनांनी आम्ही पुढं,
दोन आउट झालेले. एकच हवा होता.
आणि मोनाली गेडाम कडा शोधत बसली.

एक आतल्या कोपऱ्याला, एक बाहेर नखभर,
एक तर मातीतच; मी छातीनं अडवला.
अकोटच्या पोरींनी बॅट हलवलीसुद्धा नाही.
कशाला हलवतील?
चार बॉल झाले की बॅट ठेवायची, मोजे सावरायचे
आणि पहिल्या बेसवर चालत जायचं
बाजाराला निघाल्यासारखं.
एक गेली. दुसरी गेली. तिसरी.
चौथी निघाली तेव्हा तिसऱ्या बेसवरची
रमतगमत माझ्यासमोरून घरी आली.
एक रन.
कुणी काहीच मारलं नव्हतं.
लग्नात अक्षता वाटाव्यात तसे आम्ही बेस वाटत होतो.

कुकडे सर आत आले. टोपी काढली, परत घातली.
“काहून वो पोरी, कोनाले भेतं?
मारू दे ना तिले.
मांगं सात जनी उभ्या हायेत,
त्या का गोवऱ्या थापाले आनल्या?”

मोनाली काही बोलली नाही.
खताच्या गोदामाच्या भिंतीवर
विटेच्या तुकड्यानं काढलेला चौकोन,
गुडघ्यापासून काखेपर्यंत,
पावसाळाभर तिनं तो बडवला होता, रोज दोनशे.
गिलावा पडला तिथला.
पण भिंत उलट मारत नाही.

मी खुणा बंद केल्या.
ग्लोव्ह मधोमध धरला, आणि धरूनच ठेवला.

हात पुरा फिरला, रहाटासारखा.
स्ट्राइक.
अंपायरचा उजवा हात
मी कितीतरी वेळानं बघत होते.

पुढचाही मधोमध. तो मात्र तिनं मारला,
खणखणीत, लेफ्टला, उंच.
लेफ्टला रुपाली तोडसाम. दिवसभर तिच्याकडं
बॉल गेलाच नव्हता, मोज्यातले गोखरू काढत होती.
ती मागं धावली, मग पुढं, मग
उन्हात डोळे बारीक करून उभीच राहिली.
पळती कोंबडी धरावी तसा
दोन्ही हातांनी छातीशी धरला.

दुसऱ्या दिवशी फायनल हरलो. दारव्ह्याशी, चार-एक.
चारही रनांसाठी त्यांना धावावं लागलं, घाम गाळावा लागला,
एकीचा गुडघा फुटला.
परतताना काळीपिवळीत अकरा जणी कोंबलेल्या,
मोनाली खिडकीकडं तोंड करून म्हणाली,
“त्यायनं मारलं तं मारलं.”
आणि झोपली, माझ्याच खांद्यावर.

माझा डावा तळहात आठवडाभर लाल होता.
कडेला नाही.