कमावलेलं

स्टीलच्या पट्ट्याखाली मनगटाला चट्टे उठले.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निकेल सोसत नाही तुम्हाला,
चामड्याचा घाला. पण चांगला घ्या,
ऑगस्टात इथला घाम काहीही खातो.

म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मनामात,
बाब अल बहरैनच्या मागच्या गल्लीत,
चष्म्यावरची वाफ पुसत शिरलो
एका थंडगार दुकानात.
सजीश नावाचा पोरगा. मखमलीच्या तबकात
एकेक पट्टा ठेवत गेला, विड्याची पानं मांडावीत तसा.
हे वासरू. हे इटलीचं. ही मगर, मिस्टर…
कार्डावरच्या नावाशी अडखळला.
होन. कळ. से.
बरोबर म्हणालास, मी म्हटलं.

या आडनावावरून इथे कुणाला काहीच कळत नाही.
सव्वीस वर्षांत एवढी एक गोष्ट
एसीपेक्षा गार वाटत आलीय.

फुल ग्रेन आहे सर. केमिकल नाही,
झाडाच्या सालीत टॅन केलेलं. वास घेऊन बघा.

घेतला.

आणि काउंटरच्या काचेखाली आमचं परसू:
पुरलेले रांजण, बाभळीच्या सालीचा लाल काढा,
त्यात कोपरापर्यंत आप्पा.
तो रंग त्यांच्या नखांतून कधी गेला नाही,
लग्नाच्या फोटोतही नाही.
शाळेत माझ्या बाकावर दुसरं कुणी बसायचं नाही
तो हाच वास.
इथे त्याचे अडतीस दिनार पडतात.

पट्टा दोन बोटांत दुमडला. उलटा केला.
हे पोटाकडचं आहे, पाठीचं नव्हे,
वर्षभरात ताणून सैल पडेल.
आणि तुझी ही मगर वासरूच आहे, बाबा,
वरून ठसा मारलाय.

सजीशने दाराकडे बघून आवाज उतरवला:
सर, तुम्ही या लाइनमधले?

काय सांगू.
समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर असतो मी.
रोज बारा तास मीठ वेगळं काढतो.
वडील होते, म्हटलं. पखाली करायचे. पाण्याच्या.
पखाल त्याला कळली नाही.
मी हातांनी हवेत एक पोट काढून दाखवलं,
तो हसला, मीही हसलो,
मग दोघांनाही पुढे काही सुचेना.

आमच्याकडे कातडंही कमावतात.
आधी मीठ. मग चुना. मग साल. मग ऊन.
कितव्या दिवशी ते कुणाचं होतं हे विसरतं,
आप्पांना विचारायचं राहून गेलं.
एसटी स्टँडवर सोडायला आले तेव्हा
कंडक्टरलासुद्धा सांगत होते,
पोरगा कमवायला चाललाय.

सजीशने खालच्या खणातून एक काढला,
डबी नाही, नाव नाही, गुळाच्या ढेपेचा रंग.
हा कुणी मागत नाही सर.
हातची शिवण, मेणकट दोरा,
कडा कुणीतरी घासून घासून काचेसारखी केलेली.
कुणीतरी. कुठेतरी. त्याचीही नखं बघावीशी वाटली.
चट्ट्यांवर बांधला तरी बोचला नाही.
फक्त शेवटच्या भोकातही ढिला.
मनगट बारीक आहे सर, आणखी एक पाडावं लागेल,
म्हणत त्याने चिमटा काढला, पट्टी शोधायला लागला.

मी पाडू?

पट्टी लागली नाही. अंतर अंगठ्याला ठाऊक होतं,
मला ठाऊक नव्हतं त्याला ठाऊक आहे ते.
टक्.
मसुराएवढी एक टिकली पडली काचेवर.
सजीशने फुंकरीसाठी ओठ जुळवले,
मी आधी उचलली,
बिलाच्या घडीत ठेवली.

बाहेर पडलो तर चष्मा पुन्हा पांढरा.
किती वाजले दिसेना.
मनगट नाकाशी नेलं.