मानेखालचा आकडा

कागदावर होतं: बागेतल्या शोभेच्या वस्तू, सिमेंटच्या,
नग बारा, किंमत किरकोळ.
द्रोणागिरीच्या गोदामात दुपारचे तीन,
पत्रा इतका तापलेला की कबुतरंसुद्धा
खाली उतरून वजनकाट्यावर बसलेली.

स्कॅनरवाल्याला एका खोक्याचा संशय आला
म्हणून मला बोलावलं.
एकोणीस वर्षं मी खोकी उघडते आहे.
खजुरात सिगारेटी पाहिल्यात, टाइल्सच्या पोटात सोनं,
एकदा खेळण्यांच्या बसमध्ये जिवंत कासवं.
पहारीचा आवाज मला आता ऐकूही येत नाही.

भुसा काढला. मग वर्तमानपत्र,
उजवीकडून डावीकडे वाचायचं,
त्यात टाय लावलेला कुणी हसत फीत कापतोय.
त्याच्या आत एक बाई.
म्हणजे नुसतं डोकं, माझ्या दोन मुठींएवढं,
सायीच्या रंगाचा दगड,
एका डोळ्यात निळा खडा, दुसऱ्यात खोबण,
आणि कानाच्या पाळीला भोक,
कधीतरी खरंच डूल घालायचं असल्यासारखं.

बाकीच्या अकराजणांचे तळ घासलेले होते,
पॉलिश पेपरने, घाईघाईत.
हिची मान आतून पोकळ. तिथे बोट पोचलं नव्हतं.
बॅटरी मारली:
पांढऱ्या रंगाची बोटभर पट्टी,
तिच्यावर काळ्या शाईत आकडा,
वरून व्हार्निशचा पातळ हात.
त्यांचा एक म्हणजे नुसती उभी काडी.
त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका.

मी त्या ठिपक्याकडे पाहत राहिले.
कुणीतरी श्वास रोखून तो टेकवला असणार.
चहा निवत ठेवून
आधी हिला मऊ कापडावर कुशीवर निजवलं असणार,
न्हाऊ घालताना बाळाची धरतात तशी मान धरून.
बाहेर शाळा सुटल्याचा गलका.
युद्धाच्या आधी.
कुठल्या युद्धाच्या, ते शाई सांगत नाही.

बाळाराम घरत फोर्कलिफ्ट बंद करून आला.
या गोदामाच्या खाली त्याच्या आजाचं मिठागर आहे,
म्हणून तो इथे कुठेच थुंकत नाही.
वाकून म्हणाला, "मॅडम, यो काय लिवलाय?"
संग्रहालयाचा नंबर, मी म्हटलं. त्यांच्या वहीत असतो,
कुठे सापडली, कधी, कुठल्या कपाटात.
"आनि ती वही?"
जळाली असेल. किंवा वही वाचणारे गेले असतील.
तो जरा गप्प राहिला.
"म्हंजे बायचा सात-बारा हाय. तलाठी नाय."

मी हसले. तो हसला नाही.

पंचनामा झाला. तिला आमचाही नंबर मिळाला,
मार्करने, सुतळीत ओवलेल्या पुठ्ठ्यावर.
आयातदाराच्या पत्त्यावर, रबाळ्यात, चायनीजची गाडी निघाली.
वकिलातीला पत्र गेलं. सात महिन्यांनी उत्तर:
मालकीचा पुरावा कोणत्याही पक्षाने सादर केलेला नाही.
लेटरहेडवर आधीच्या सरकारचं चिन्ह खोडून
त्याच्यावरच नवा शिक्का मारलेला,
जरा तिरका.

ती अजून आहे. लोखंडी मांडणीवर सर्वांत वर,
जप्त ड्रोन आणि घड्याळांच्या मधे.
सहा महिन्यांनी मोजणी असते तेव्हा
मी कुलूप काढते, बाळाराम शिडी धरतो.
बॅटरी मारते. आकडा आहे. ठिपका आहे.
रजिस्टरात "आहे" असं लिहिते.

परवाच्या मोजणीला तो म्हणाला,
जुन्या नकाशात आमची विहीर अजून हाय,
निळा गोल.
मग म्हणाला, आज मी चढतो.

वर त्याला बराच वेळ लागला.
मी पेन उघडून खाली उभी.
उतरला तेव्हा हात पँटला पुसत म्हणाला,
काय नाय, सुतळी सैल केली.
गल्याला काचत व्हती.