निळा वाडगा

पार्नूच्या डॉक्टरीणबाईंनी तुझ्या पोटातून काढलेला गळ
मी बाटलीत घालून खिडकीत ठेवलाय, मुरी.
वाकडा, एवढासा, करंगळीच्या नखात मावेल असा.
त्याच्यापायी वीतभर चिरावं लागलं तुला.

परतीच्या बोटीवर तू हललासही नाहीस.
धक्क्यावरून साइडकारमध्ये घालून आणलं,
माझ्या जुन्या पट्ट्यापट्ट्यांच्या घागऱ्यात गुंडाळून.
हेल्यूने बेटाच्या एकुलत्या वळणावर थांबवून विचारलं,
"मेलं की जगलं?"
मी म्हटलं, "घोरतंय."

मग तीन आठवडे
बिनमिठाची कोंबडी, गिचका भात,
दर तीन तासांनी चमचाभर.
चमच्याला तू तोंड लावेनास, म्हणून तळहातावर.
चुलीपाशी फरशीवर बसायचे मी,
उठताना टेबलाचा पाय धरून.
तुझी जीभ कोमट, खरबरीत,
बोटांच्या बेचक्यांतलं शीतही सोडायची नाही.
खोटं कशाला बोलू,
मला त्याची सवय लागली.

आता टाके निघालेत.
पोटावर कापल्या शेतासारखे खुंट उगवलेत केसांचे.
समुद्रपक्ष्यांना पार पाण्यापर्यंत पिटाळून येतोस,
आणि वाडग्याकडे बघतोस असा
की जणू मी त्यात करवसुलीची नोटीस वाढलीय.

बाई फोनवर म्हणाल्या,
"कुत्रा बरा झालाय, व्हिर्वे. आता तुमचं बघा.
तीन वाटे भात, एक वाटा त्याचं नेहमीचं कोरडं खाणं.
दोन दिवसांनी निम्मं निम्मं. वर थोडं गरम पाणी, वास सुटेल.
वाडगा ठेवायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, उचलायचा.
विनवण्या नाहीत.
आणि हात खिशात."

पहिल्या दिवशी तू कोंबडीचे धागे तेवढे वेचलेस
आणि दाणे एकेक करून बाहेर ठेवलेस,
हिशेब चुकता केल्यासारखे.
दुसऱ्या दिवशी पंजा माझ्या गुडघ्यावर.
मी बाहेर गेले,
फोडलेलीच लाकडं पुन्हा फोडली.
आत येऊन वाडगा उचलला, चोरासारखा,
तुझ्याकडे पाठ करून.

रात्री टेबलाखालून लांब सुस्कारा.
भुकेला कोंडा, निजेला धोंडा, मी भिंतीला सांगितलं.
भिंतीला पटलं असेल.
मी अंधारात उठले, भांड्याचं झाकण किणकिणलं,
आणि तुझी शेपटी फरशीवर आपटली.
एकदाच.
किती वेळ उभी होते तिथे, अनवाणी,
मग झाकण परत ठेवलं.
तीन आठवड्यांच्या जागरणांपेक्षा
ते झाकण जड होतं.

गुरुवारी हेल्यू दारात. तोंड लाल, हातात रिकामी सळई.
"चार मासे! आताच धुरीतून काढलेले!
शेपट्यांसकट!"
तुझ्या मिशांना एल्डरच्या लाकडाचा वास.
तू खिडकीबाहेर बघत होतास, फार लक्ष देऊन.
मी डझनभर अंडी दिली, मान खाली घालून.
दार लागलं तशी जमिनीवरच बसले
आणि हसू आवरेना, खोकला लागेस्तोवर.
हसून झाल्यावर काटे आठवले.
रात्रभर तुझ्या पोटावर हात ठेवून जागी राहिले.
तू आपला घोरत होतास.

सकाळी वाडगा ठेवला.
निळा, कडेचा टवका उडालेला, तुझाच.
निम्मं निम्मं. वर गरम पाणी.
मी भिंतीला टेकून, हात खिशात, नजर घड्याळावर.
कुडुम. मग थांबलास.
मग कुडुम कुडुम कुडुम,
कान मागे टाकून, माझ्याकडे न बघता,
नळाखाली पाणी पिणाऱ्या पोरासारखा घाईत.
पंधरा मिनिटं कुठली, चारही लागली नाहीत.

चाटत चाटत वाडगा तू भिंतीपर्यंत ढकलत नेलास,
तिथे तो ठणकन वाजला.
मग दाराशी गेलास, पंजाने ओरबाडायला लागलास.
मी खिशातून हात काढला. कोरडा होता.
कडी काढणार, तेवढ्यात दिसलं,
हेल्यूच्या अंगणातून
धूर निघतोय.