गुरुवारची डिस्क

शेठ म्हणाले, "काय मग, आज सर्व्हर ढगात?"
मी हसलो.
आमच्या धंद्यात हा विनोद आता जुना झालाय,
तरी प्रत्येक गिऱ्हाईक तो आत्ताच सुचल्यासारखा करतं.

रबाळ्याच्या एमआयडीसीत मढवींचा गास्केटचा कारखाना.
जिन्याखालच्या मोरीत, नळ कायमचा बुचवून,
बारा वर्षांपूर्वी मी ती पेटी बसवली.
मोरीचा उतार कोणी काढला नाही,
म्हणून डाव्या पायांखाली पुठ्ठ्याची घडी,
दरवर्षी नवी.

रबराच्या धुळीनं पंखा बुजायचा.
खंडेनवमीला मात्र तिला लेथच्या आधी मान:
झेंडूची माळ, पॉवरच्या बटणावर कुंकू,
आणि माझी विनवणी, अक्षता जाळीत टाकू नका.
एका वर्षी टाकल्याच.
रात्री अकरापर्यंत चिमट्यानं तांदूळ वेचत बसलो,
शेठाणींनी तिथेच पान वाढलं.

असली बिलं कधी लावली नाहीत.

आणि रेवंडकर बाई.
शुक्रवारी कारखान्याला सुट्टी;
गुरुवारी साडेपाचला त्या डिस्क काढायच्या,
पंच्यात गुंडाळायच्या,
डब्याच्या पिशवीतून घणसोलीला घरी न्यायच्या.
मीच सांगितलं होतं, एक प्रत बाहेर असावी.
कपाटात, नवऱ्याच्या पेन्शनच्या कागदांवर
तिची जागा ठरलेली.
"सुट्टीला कारखाना माझ्याकडे झोपायला येतो," म्हणायच्या.

स्थलांतराला चार रात्री लागल्या.
निळी पट्टी सरकत राहिली,
एक्याण्णव टक्क्यांवर तासभर अडली, मग गेली.
पाचव्या सकाळी मी बटण दाबून धरलं.
मोरी इतकी गप्प झाली
की शेजारच्या प्रेसचे ठोके पहिल्यांदा मोजता आले.

"आता आपलं सगळं आहे कुठे?" बाईंनी विचारलं.
मी बोट वर केलं.
त्यांनी पाहिलं: पत्रा, ट्यूबलाइट, कोळ्याचं जाळं.
मग माझ्याकडे पाहिलं,
जमाखर्च न जुळल्यासारखं.

खरं तर मलाही माहीत नाही.
घरी कळव्याला जाताना, बेलापूर रोडवर
एक बिनखिडक्यांची इमारत लागते.
माळ्यामाळ्यावर पंखे, आवारात जनरेटरची रांग,
गेटवर काठी टेकून बसलेला वॉचमन.
म्हणतात, ढग असतो तो अशाच ठिकाणी.
म्हणजे मढवींची बारा वर्षं
कदाचित दोन किलोमीटरवरच असतील,
किंवा नसतील.
मला आत कोण सोडणार.
तिथे पुठ्ठा लागत नाही.

आता फोन कमी वाजतो.
वाजला, तर मी तिकीट टाकतो
आणि गिऱ्हाइकासारखाच उत्तराची वाट पाहतो.
'आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे.'
असलं वाक्य मी शेठना कधी ऐकवलं नव्हतं.
"निघालोय, ऐरोलीच्या पुलाखाली आहे," म्हणायचो,
बऱ्याचदा घरातूनच.

वार्षिक करार निम्म्यावर आला.
शेठ चुकत नाहीत;
पंप बिघडतच नसेल तर पंपवाल्याला कोण पोसतं?
आणि हेही लिहायला हवं, की यंदा
पोराच्या शाळेचं गॅदरिंग मी पूर्ण पाहिलं.
तो दुसऱ्या रांगेत झाड झाला होता.

मार्चअखेर बाई निवृत्त झाल्या.
मेल आला: खाते बंद करावे.
जेवता जेवता, डाव्या हातानं, फोनवरूनच केलं.
नावापुढचं हिरवं टिंब करडं झालं,
खाली ओळ: तीस दिवसांनंतर सर्व माहिती पुसली जाईल.

एकोणतिसावा दिवस गुरुवारचा निघाला.
एक जुनी डिस्क भरून मी घणसोलीला गेलो.
होतं काय तिच्यात? पगाराचे तक्ते, उधारीची स्मरणपत्रं,
दिवाळीच्या मिठाईची यादी, कोणाला किती किलो.
शेठना विचारून घेतलं होतं. ते म्हणाले, "दे की."

बाईंनी ती हातात घेतली नाही लगेच.
पदराला हात पुसले
आणि पंचा आणायला आत गेल्या.