मादी असल्यास इथेच थांबा

आधी रंग बघू नकोस, दिघेबाई म्हणायच्या.
रंगाला सगळेच भुलतात.
कमाटीबागेत, कर्दळीच्या रुंद पानावर
ती बसलेली असायची:
चिंच लावून नुकतंच घासलेलं घंगाळ,
फक्त हिरवं.

आधी पाय बघ.
घरमाशी पानावर पडून असते,
ही पानापासून अंतर राखते.
मदनझांप्याला पाणी तुंबलं की
साडी पोटरीपर्यंत उचलून निघालेली बाई
जशी शिवून न शिवल्यासारखी, तशी.
देह अवघा साडेपाच मिलिमीटर.
बाकी सगळी उंची.

मग पंख. भिंगाखाली, उजेड तिरका.
मधली शीर सरळ जाता जाता
टोकाआधी एकाएकी वर वळते,
विश्वामित्री पुलाशी वळते तशी,
कुणी न सांगता.
काळसर पट्टे असतील तर एक गट,
नसतील तर दुसरा.
पाठीवरचे केस मोज. दोन ओळी?
नीट मोज.
श्वास नाकाने घे,
तोंडाने सोडलास तर ती गेली.

(एकदा खरंच गेली.
रावजीभाईंनी अर्धा तास लॅब झाडली,
सापडला एक पंख,
तोही डासाचा.)

पुण्याला गेले की माझ्या तोंडून
झोक्याऐवजी हिंचको निघतो
आणि दुकानदार लगेच: बडोद्याच्या का?
तेवढ्या एका केसावरून.

बाईंची किल्ली सायक्लोस्टाइल केलेली, अकरा पानं,
दर पायरीला दोन वाटा.
असं असेल तर पाचवर जा,
तसं असेल तर नवावर.
चौदावर लिहिलं होतं:
नर असल्यास पुढे.
मादी असल्यास इथेच थांबा.

नराच्या पायांना झालर,
पोटाखाली दुमडून ठेवलेली सगळी ओळखपत्रं.
तो पानाच्या काठाशी नाचतो,
एकेक पाय उचलून दाखवतो.
तिला बघायचं असतं.
बघणारीची खूण कुठे ठेवलेली असते
हे अकरा पानांत नव्हतं.
म्हणून तिच्या चिठ्ठीवर, बाईंच्या बारीक अक्षरात:
मादी. जात अनिश्चित. बडोदा. ९ सप्टेंबर ८८.
अशा एकसष्ट.

आता किल्ली लागत नाही.
प्रत्येकीचा एक पाय काढून
हैदराबादला पाठवायचा,
दीडदोन महिन्यांत नाव येतं.
फॉर्मवर लिहिलंय: शक्यतो मधला, उजवा.
तीन दिवस झाले,
पेटी उघडते,
डांबरगोळीचा वास येतो,
चिमटा पुसते, पेटी मिटते.

काल संध्याकाळी बाईंना फोन केला.
त्यांना आता कमी ऐकू येतं,
दोनदा सांगावं लागलं.
"पाय?" त्या म्हणाल्या,
"पायांपासून तर आपण सुरुवात करायचो."
मग बराच वेळ काही नाही.
पंख्याची घरघर येत होती,
त्यांच्या की माझ्या, कळेना.

"दे पाठवून," म्हणाल्या.
"पण पेटीत चिठ्ठी ठेव
की सहा होते."