मिटण्याची वेळ

हर्क्युलान मास्तर गाडीबद्दल बोलतो
ते व्हायोलिनबद्दल बोलावं तसं.
"थंडयेंत दांत वाजयता रे ती,
तीन सेकंद. मागीर गप्प."
आणि लिटरला बावीस जाणारी
सतरावर आलीय, हे मात्र कुजबुजत,
घरातलं दुखणं सांगावं तसं.

बाणस्तारीच्या पुलाजवळ माझं गॅरेज.
गुरुवारचा बाजार, मिरचीचा खकाणा
थेट उघड्या इंजिनावर.
रुझारनं टॉर्च धरला,
नेहमीसारखा माझ्याच डोळ्यांवर.

मास्तरला साध्या शब्दांत सांगायचं होतं
आणि साधे शब्द माझ्याकडे एकाच ठिकाणचे:
कुंभारजुव्याच्या बांधावरचे, आपाच्या मानशीवरचे.

ओहोटीला शेतातलं पाणी
मानशीची लाकडी झडप बाहेर ढकलायचं,
भरतीला नदी स्वतःच येऊन ती मिटायची.
पण फळ्या कधी काढायच्या, कधी घालायच्या,
ते आपाच्या हातात.
भरती रोज दोन घटका उशिरा,
अमावास्येला उधाण, अष्टमीला मरगळ.
घड्याळ न बांधता उठायचा तो,
आज दीडला, उद्या सव्वादोनला.
रोज ठरल्या वेळी फळी घालील
तो मानशेकार नव्हे, मास्तर, तो चौकीदार.

जुनी इंजिनं तशी, चौकीदार.
कॅमच्या उंचवट्यावर कोरलं ते कोरलं.
मडगावच्या सिग्नलला घरघरताना तेच,
बोरीच्या पुलावर सुटताना तेच.
हिच्यात मात्र चेनच्या चाकाच्या पोटात
एक डबी आहे, डबीत पाती.
पात्यांच्या या बाजूला ऑइल दाबलं
की कॅम पुढं सरकतो,
त्या बाजूला दाबलं की मागं.
किती? तू व्हायोलिनची खुंटी पिळतोस ना,
तेवढा.

चढावर जोर हवा तर झडप लवकर मिटते,
घेतला श्वास आत कोंडते.
सपाट रस्त्यावर, पाय हलका असताना,
उशिरा. पिस्टन वर निघाला तरी
दार उघडंच; घेतलेल्यातला घोटभर
आल्या वाटेनं परत.

"परत दिल्यार कसलें मायलेज?"
अरे, अर्ध्या मिटल्या गळ्यातून
हवा ओढण्यातच इंजिन दमतं.
त्यापेक्षा गळा मोकळा ठेवायचा,
नको तेवढं परत करायचं.
ओढाताण वाचते. तेच तुझे किलोमीटर.

इथं मी थांबलो.
आपानं एकदाच उशीर केला होता.
मानशीचा लिलाव घेतलेला भोमचा कंत्राटदार
बांधावर उभा राहून म्हणाला,
आणखी घटकाभर, सुंगटं येताहेत.
आली. टोपल्या पुरल्या नाहीत.
कोरगूट खारं सोसतं, म्हणतात.
त्या वर्षी नाही सोसलं.
त्यानंतर आपाच्या ताटात
सुंगट कधी दिसलं नाही.

तोच उशीर. इथं वाचवतो,
तिथं बुडवलं.
का, ते मी मास्तरला सांगितलं नाही.
मला नीट ठाऊकही नाही.

ऑइलची वाट उघडली. सॉलेनॉइडच्या तोंडाशी
नखाएवढी जाळी, काळ्या चिखलानं बुजलेली.
चौदा हजार किलोमीटर तेच ऑइल!
गजाला रोज राळ लावतोस,
हिला काही नाही?
मास्तर पुलाकडं बघत राहिला.
रुझारनं जाळी पेट्रोलात बुचकळली
आणि पहिल्यांदा टॉर्च नीट धरला.

दुसऱ्या दिवशी सहाला फोन.
हॅलो नाही, काही नाही. चावी फिरली,
मी मोजलं, एक, दोन, तीन.
दात वाजले नाहीत.
त्यानं इंजिन बंद केलं
तरी फोन धरून उभाच,
मीही.
त्याच्या घरामागं कुठंतरी
पाणी लाकडावर आदळत होतं.
आत येणारं की बाहेर जाणारं,
फोनवर कळेना.