हा अंगठा माझा

उद्यमनगरात एकतीस वर्षं मी साचे भरले.
वाळू चाळायची, ओल मुठीत दाबून बघायची,
पितळ कधी ओतायचं ते त्याचा रंगच सांगायचा.
तेव्हाच कधीतरी उडालेला थेंब
उजव्या अंगठ्यावर बसला तो बसलाच,
जोंधळ्याच्या दाण्याएवढा, पांढरा.

काम सुटल्यावर शिवराईचा नाद लागला.
गुजरीच्या मागच्या बोळात मोडीच्या तराजूत यायची,
घंगाळाच्या तुटक्या कानांसोबत, तांब्याच्या भावानं.
चिंच लावायची नाही. कुणी कितीही सांगू दे.
गोडेतेलात महिनाभर बुडवून विसरून जायचं,
मग एका सकाळी ‘श्री’ वर येते
तळ्यातनं कासवानं डोकं काढावं तशी.

नातवानं फोनवर खातं उघडून दिलं:
शिवगोंडा मगदूम, कोल्हापूर.
फोटोला नाणं चिमटीत धरायचो,
त्यामुळं दरेक फोटोत हा अंगठा.
लोक लिहायचे,
काका, दाणा दिसला की डोळे झाकून घ्यायचं.

मार्चात फोन आला. आवाज पुस्तकातला, गुळगुळीत.
‘आपल्या खात्यावर संशयास्पद हालचाल दिसते,
सहा आकडे आले असतील, तेवढे सांगा.’
मी चष्मा शोधला.
काट्यावरचं वजन कारकुनाला सांगावं
तसा एकेक आकडा सावकाश सांगितला.
‘परत एकदा म्हणू का,’ असंही विचारलं.

संध्याकाळी खातं मला ओळखेना.
नातू म्हणाला, आजोबा,
तुम्ही बाहेर उभे आहात
आणि आत पण तुम्हीच बसलाय.

पंधरा दिवसांनी जतहून शमीम आतार नावाच्या बाई.
चौथीच्या वर्गासाठी अकरा शिवराया घेतलेल्या,
पगारातनं, पोरांच्या हातात इतिहास द्यायचा म्हणून.
‘मगदूमकाका, नाण्यांना ॲसिडचा वास येतोय.
तुमचा अंगठा बघून घेतली हो.’
म्हणालो, एक फरशीवर टाका.
फोन खाली धरा.

बद्द.

म्हणालो, आता कडेनं नख फिरवा. रेघ लागते?
‘लागते.’
साच्याच्या दोन पेट्या जिथं मिळतात ती रेघ.
वाळू मात्र बारीक चाळली असणार, अक्षर बुजलेलं नाही,
हे मनात आलं आणि स्वतःचाच राग आला.

पुडकं मागवून घेतलं. भिंग लावलं.
अकराच्या अकरा नाण्यांवर
‘ति’च्या वेलांटीशी एकच टवका.
तो टवका मी ओळखतो.
नोव्हेंबरात विकली होती ती शिवराई,
टवका आहे असं सांगून, पन्नास रुपये कमी करून.
म्हणजे फोटो माझा, नाव माझं,
आणि साचाही माझ्याच नाण्यावरनं.

सायबरच्या ऑफिसात हवालदार म्हणाला,
‘खातं तुमचं?’
होतं.
‘फोटोतला अंगठा?’
टेबलावरनं हात पुढं केला.
त्यानं स्क्रीन बघितली, हात बघितला, परत स्क्रीन.
‘मग विकलं तुम्हीच की.’
शेजारचा कॉन्स्टेबल हसला, मग हसायचा थांबला.
तोवर माझ्या नावावर आणखी तीन चढली होती,
खाली कुणीतरी विचारलेलं, ‘काका, भाव कमी होईल का?’
आणि मी त्याला उत्तर दिलेलं,
‘तुमच्यासाठी करू या.’

बाईंना माझ्याकडची एक खरी पाठवली, पैसे नको म्हणून.
त्यांनी खोटी दोन परत मागितली.
‘पोरांना दोन्ही फरशीवर टाकून ऐकवते,’ म्हणाल्या.
उरलेली नऊ पंचनाम्यात गेली,
लाख लावलेल्या पाकिटात, वाजणार नाहीत अशी.

तक्रारीखाली सही करा म्हणाले.
सही येते मला, सातवी पास आहे.
तरी शाईचं पॅड मागितलं.
अंगठा दाबला, उचलला.
काळ्या रेषांत तेवढा
जोंधळ्याचा दाणा कोरा राहिला.